रिठदहून मदतीपर्यंत: शिकण्यातली अडचण आणि मनाचा आजार यांसाठी कोणत्या दाराशी जायचं

रिठद हे वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं, सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं गाव. इथं कुणाला ताप आला, पाय मोडला, साप चावला, तर कुठं जायचं हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक असतं. पण चौथीतलं पोरगं अजून एक ओळ सलग वाचत नसेल, किंवा घरचा कर्ता माणूस महिनाभर रात्र-रात्र जागा राहत असेल, वावरात जायचं टाळत असेल, तर घरचे गोंधळतात. पोराला ‘मठ्ठ’ म्हटलं जातं, माणसाला ‘आळशी’. कुणी म्हणतं, बाहेरचं झालं. वर्ष निघून जातं. या दोन्ही अडचणींसाठी सरकारी सेवा आहे, तिची सुरुवात गावातच होते आणि तिचा बहुतेक भाग मोफत आहे. ती कशी चालते, कोणत्या क्रमानं जायचं आणि प्रत्येक ठिकाणी काय होतं, हे इथं टप्प्याटप्प्यानं सांगितलं आहे.

दोन्ही विषय एकाच लेखात घेण्याला कारण आहे. वाचता न येणारं मूल रोज वर्गात अपमान सोसतं. पुढं त्याच्या पोटात दुखू लागतं, शाळा बुडू लागते, मन खचतं. उलट, घरात आई-वडिलांपैकी कुणी खोल उदासीत असेल, तर त्याचा परिणाम मुलाच्या अभ्यासावर दिसतो. गावपातळीवर या दोन्ही गोष्टी पाहणारी माणसंही बरीचशी तीच असतात: अंगणवाडीताई, आशाताई, शाळेतले गुरुजी आणि मॅडम, उपकेंद्रातल्या नर्सताई.

पहिली काही वर्षं: अंगणवाडी आणि आरोग्य पथक

वाढीतला उशीर जितका लवकर कळेल तितका उपचाराचा फायदा जास्त, कारण पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगानं होते. म्हणून काही खुणा प्रत्येक घराला माहीत हव्यात. वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा आलेले शब्द मूल विसरू लागलं असेल, तर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ असं म्हणून थांबू नये. अंगणवाडीताईंना सांगावं आणि पुढच्या तपासणीचा दिवस विचारून ठेवावा.

ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होते. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि परिचारिका यांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येतं. पथक वजन-उंची आणि डोळे-कान पाहतंच, त्याखेरीज हालचाल, बोलणं, समज आणि वागणं यांतला उशीरही तपासतं. स्वमग्नता, अतिचंचलता आणि शिकण्यातली अडचण या गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. ज्या मुलाबद्दल शंका वाटेल त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचं असतं. तिथं बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-श्रवण तज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ असा चमू एकत्र पाहील, अशी या कार्यक्रमाची रचना आहे. या केंद्राला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र म्हणतात.

पथकाच्या दिवशी आई किंवा वडिलांपैकी एकानं हजर राहावं. अनोळखी माणसांपुढं मूल बोलत नाही. घरी ते काय करतं, काय करत नाही, हे तुम्हीच सांगू शकता. पथकानं चिठ्ठी दिली तर ती कधीही टाकून देऊ नये.

शाळेत मागं पडलेलं मूल: आधी कारण शोधा

मूल वाचत नाही याची कारणं अनेक असतात आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

सर्वांत आधी डोळे आणि कान. फळा धूसर दिसणारं मूल ‘लक्ष देत नाही’ असंच वाटतं. कान वारंवार फुटणाऱ्या मुलाला शब्दांचे शेवट नीट ऐकू येत नाहीत. दुसरं, रक्त कमी असणं, उपाशीपोटी शाळेत येणं, अपुरी झोप. तिसरं, हजेरी. कामासाठी आई-वडील बाहेरगावी गेले आणि मूल चार महिने शाळेत आलंच नाही, तर त्याचं शिकणं राहून गेलेलं असतं, त्याला आजार नसतो. चौथं, भाषा. वाशिम जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे. घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलासाठी शाळेतली मराठी ही दुसरी भाषा असते. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलालाही पुस्तकी मराठी पहिल्या वर्षी परकी वाटते. पाचवं, भीती: घरातली भांडणं, दारू, मारहाण, एखाद्याचा मृत्यू, वर्गातली चेष्टा.

यातलं काहीच नसेल, किंवा यावर उपाय करूनही अडचण उरत असेल, तर पुढचा विचार करायचा. काही मुलांची एकूण समजच वयाच्या मानानं कमी असते. ती बौद्धिक अक्षमता. काही मुलांचं लक्ष टिकत नाही, ती जागेवर बसू शकत नाहीत, ती अतिचंचलता. आणि काही मुलं बोलण्यात, व्यवहारात, खेळात हुशार असतात, दुकानातला हिशोब तोंडी बरोबर सांगतात, पण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी गोष्ट त्यांना अतिशय जड जाते. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. तिचं मूळ मेंदू अक्षर आणि आवाज यांची सांगड कशी घालतो यात असतं. आईचं वळण किंवा मुलाचा हट्ट याला जबाबदार नसतो.

मराठी वाचताना ही अडचण कशी दिसते

मराठी शिकणाऱ्या मुलाला अक्षराबरोबर स्वरचिन्हंही सांभाळावी लागतात. काना बाजूला, उकार खाली, मात्रा वर. पहिली वेलांटी तर लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष ही दिसायला जवळची अक्षरं. जोडाक्षरांत एकटा ‘र’ किती रूपं घेतो पाहा: कर्म, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर. बहुतेक मुलं दुसरी-तिसरीपर्यंत यातून वाट काढतात. अध्ययन अक्षमता असलेलं मूल तिथंच अडकतं. ते वेलांटी गाळतं, जोडाक्षर फोडून वाचतं, ओळ सोडून खालच्या ओळीवर जातं, फळ्यावरचं उतरवताना अर्ध्यावर राहतं.

मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच नियमित आहे. त्यामुळं असं मूल कष्टानं वाचायला शिकतंही, पण त्याचं वाचन फार हळू राहतं आणि शुद्धलेखनात चुका होत राहतात. ‘वाचतो की आता’ म्हणून शिक्षक निर्धास्त होतात. सहावी-सातवीत धडे लांबले की मूल पुन्हा मागं पडतं. वाचता येतं का, एवढ्यावर थांबू नये. वयाच्या मानानं किती वेगानं वाचतं, वाचून झाल्यावर त्यातलं काय सांगतं, हेही पाहावं.

शाळेतून तपासणीकडं

पहिली नोंद वर्गशिक्षकांनी करायची असते. त्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेनं २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ नावाची तपासणीसूची आणि मोबाइल अ‍ॅप काढलं. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक किंवा जाणकार भरतो. ही प्राथमिक चाळणी आहे, निदान नव्हे. यावरून कुणीही मुलाला शिक्का मारू नये.

समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाची स्वतंत्र तरतूद आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात, शिक्षकांना मार्गदर्शन करतात, अंथरुणाला खिळलेल्या मुलांना घरी जाऊन शिकवण्याची सोयही योजनेत आहे. रिठदच्या पालकांसाठी हे केंद्र म्हणजे रिसोडचं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा: ‘माझ्या मुलाची विशेष शिक्षकांकडून पाहणी व्हावी.’ अर्जाची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं राहून जातं, लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

तपासणीला गेल्यावर काय होतं? आधी मुलाचा इतिहास विचारतात: बाळंतपण, पहिलं पाऊल, पहिला शब्द, झटके, शाळेतली प्रगती. मग डोळे-कान पाहतात. नंतर बुद्धिमापन होतं. महाराष्ट्रात त्यासाठी बिने-कामत चाचणी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली होती. त्यानंतर वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. मुलाला त्याच्या शाळेच्या भाषेत तपासणं अत्यावश्यक आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच मराठीतही आहे. इंग्रजी परिच्छेद वाचायला देऊन मराठी माध्यमातल्या मुलाचं निदान करणं चुकीचं आहे, आणि पालकांनी तसं नम्रपणे सांगावं.

प्रमाणपत्र आणि परीक्षेतल्या सवलती

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार हे चारही आहेत. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, कारण त्याआधी अडचण आणि साधा उशीर यांत फरक करता येत नाही. पुढं १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. अर्ज ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करायचा असतो, तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते आणि ‘यूडीआयडी’ हे एकच ओळखपत्र मिळतं. ते देशभर चालतं.

मदत मिळायला मात्र प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. आठ वर्षांच्या आधीच विशेष पद्धतीनं शिकवायला सुरुवात करता येते, करावीच.

दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र यांसारख्या सवलती मिळतात. जादा वेळ तासाला २० मिनिटं या हिशोबानं असतो. शाळेनं प्रस्ताव विभागीय मंडळाकडं पाठवायचा असतो. वाशिम जिल्ह्यासाठी ते अमरावतीचं मंडळ. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही हाती लागत नाही. नववीत असतानाच कागद तयार हवेत. या सवलती म्हणजे मुलावर केलेली मेहेरबानी असं काहींना वाटतं. अंधूक दिसणाऱ्या मुलाला चष्मा दिला तर पेपर सोपा होत नाही, तो फक्त वाचता येतो. जादा वेळ देण्यामागचा विचार हाच आहे.

वर्गात आणि घरी काय बदलायचं

‘दहा वेळा लिही’ या शिक्षेनं अध्ययन अक्षमता जात नाही. ज्या गोष्टीनं फरक पडतो ती म्हणजे एकच धडा डोळे, कान, जीभ आणि हात यांतून शिकवणं. अक्षर मोठ्यानं म्हणत रेतीत किंवा ज्वारीच्या दाण्यांवर बोटानं गिरवायचं. शब्द टाळ्या वाजवत तोडायचा: सो-या-बी-न. एका आठवड्यात एकच स्वरचिन्ह घ्यायचं आणि ते पक्कं झाल्यावर पुढं जायचं. मोठ्या माणसानं ओळ वाचायची, मग मुलासोबत वाचायची, मग मुलानं एकट्यानं. रोज १५ ते २० मिनिटं, पण न चुकता. वर्गात पहिल्या रांगेत जागा, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, काही उत्तरं तोंडी. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी ध्येय वेगळं ठेवावं लागतं: स्वतःचं जेवण, आंघोळ, कपडे, पैशांची ओळख, एकट्यानं दुकानात जाणं, आणि पुढं हाताला काम. मुलीच्या बाबतीत पाळीची स्वच्छता आणि स्वतःच्या शरीराची सुरक्षितता हे धडे लवकर सुरू करायला हवेत.

मारणं आणि अपमान करणं या दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शाळेत बंद केल्या आहेत. घरीही तोच नियम लागू करावा.

मोठ्यांचं शिकणंही राहून गेलेलं असतं

शाळेत न कळलेली अडचण वयाबरोबर जात नाही. आज तिशीत असलेला एखादा माणूस बँकेचा अर्ज भरायला दुसऱ्याच्या हाती देतो, मोबाइलवरचा संदेश दुसऱ्याकडून वाचून घेतो, ते कधीकधी याच कारणानं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वय वाढल्यावरही दहावी-बारावी करता येते. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम आहे. आणि ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी नाही त्यांच्यासाठी सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांत स्वमग्नता, बौद्धिक व अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार या गटाचाही वाटा आहे. त्यामुळं १८ व्या वर्षीची तपासणी टाळू नये.

मोठ्यांचं मन: दोन प्रश्नांपासून सुरुवात

गावात कुणी ‘मला नैराश्य आलं आहे’ असं म्हणत नाही. माणूस म्हणतो, ‘मन लागून नाही राहिलं’, ‘डोकं जड झालं’, ‘छातीत धडधडते’, ‘झोपच नाही’. बाई म्हणते, अंगात ताकद नाही, हातपाय गळाले. रक्त, साखर, ईसीजी तपासून सगळं ठीक येतं आणि तरी त्रास राहतो. अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, हताश राहिलं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर पुढं सविस्तर तपासून घ्यायला हवं.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १८ वर्षांवरील १०.६ टक्के लोकांना त्या वेळी उपचाराची गरज असलेला मानसिक विकार आढळला. आजारानुसार यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलाच नव्हता.

आपल्या भागात ही बाब अधिक जवळची आहे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळं केंद्राचं विशेष पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वाशिम होतं. २०१५ मध्ये राज्यानं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन ठराविक प्रश्नावलीनं तणावाखालची माणसं ओळखायची आणि त्यांना उपचारापर्यंत पोचवायचं, अशी योजना होती. तणावाचं कारण कर्ज किंवा नापिकी असेल तर गोळीनं कर्ज फिटत नाही, हे खरंच. पण आजारी मनाला बँकेत जाणं, पीक विम्याचा अर्ज करणं, भावाशी बोलणं हेही जमत नाही. उपचारानं ती ताकद परत येते.

कुठं जायचं, तिथं काय होतं

पहिली पायरी आशाताई आणि उपकेंद्र. बऱ्याच उपकेंद्रांचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी मोबाइलवरून ‘ई-संजीवनी’ सेवेद्वारे मोठ्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देऊ शकतात. दुसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि रिसोडचं ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिसरी पायरी वाशिम. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मनोविकारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असाव्यात, अशी त्याची रचना आहे. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. त्यापुढं अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि आजार फार बळावला तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. निघण्यापूर्वी मनोविकार विभागाचा वार आशाताईंमार्फत फोनवर विचारून घ्यावा. सोंगणीच्या दिवसांत एक मजुरी बुडवून गेलं आणि डॉक्टर भेटले नाहीत, तर माणूस पुन्हा जात नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टर मुख्यतः बोलतात. झोप, भूक, दारू, घरचं वातावरण, आधीचे आजार, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हे सगळं विचारतात. थायरॉइडसारखी तपासणीही सांगतात. रुग्णासोबत घरचं एक माणूस हवं, पण काही वेळ त्याला एकट्यानं बोलू द्यावं. आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत.

औषधांबद्दल चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ किंवा सुस्ती वाटू शकते. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. आणि बरं वाटल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात; मनानं बंद केल्या तर आजार उलटतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात, म्हणजे माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं तेव्हा, औषध अधिक काळ घ्यावं लागतं.

नैराश्यात बोलण्याचा उपचारही परिणामकारक ठरतो. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेनं सहा ते आठ भेटींचा एक कार्यक्रम चालवला. त्यात डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक रुग्णासोबत बसून दिवसाची लहान-लहान कामं आखत: सकाळी उठून अंगणात बसणं, एका मित्राला भेटणं, थोडं काम हाती घेणं. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा याचा गुण अधिक आला, हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

जिवाला धोका असेल तेव्हा

कुणी ‘आता जगून काय करायचं’ असं म्हणू लागलं, अचानक हिशोब मिटवू लागलं, निरोपासारखं बोलू लागलं, तर त्याला सरळ विचारावं: ‘मरणाचे विचार येतात का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचा माणसाला आधार वाटतो. त्याला एकटं सोडू नये. फवारणीची औषधं घरातून हलवावीत आणि दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवावीत. तो तीव्र आवेग बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या.

‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही. घरच्यांनीही काय करावं हे विचारायला फोन करता येतो. विष घेतलं असल्याची शंका आली तर वेळ न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

पोलीस केस होईल या भीतीनं रुग्णालय टाळू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

हक्क आणि आधार

याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रत्येकाला सरकारी मानसिक उपचाराचा हक्क दिला, रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा कंपन्यांनी संरक्षण द्यायला लावलं. देवाला नवस करणं ही ज्याची त्याची श्रद्धा. औषध चालू ठेवून नवस फेडायला कुणाची हरकत नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

‘यूडीआयडी’ कार्ड हाती आल्यावर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी पात्रता विचारावी. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. अशा मुलाला १८ वर्षं पूर्ण झाल्यावर पालकांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेऊन ठेवावं. आपल्यानंतर काय, हा प्रश्न त्यानं थोडा हलका होतो. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येक गावकऱ्याला अधिकार आहे.

साखळी कुठं तुटते

कागदावर ही रचना पुरेशी दिसते. प्रत्यक्षात माणूस दोन पायऱ्यांच्या मध्ये हरवतो. पथकानं चिठ्ठी दिली, पण वाशिमला कुणी गेलं नाही. पहिली भेट झाली, गोळ्या संपल्या, दुसरी भेट राहिली. शाळा बदलली आणि मुलाची नोंद जुन्याच शाळेत राहिली. म्हणून प्रत्येक घरानं एक फाइल ठेवावी: सगळ्या चिठ्ठ्या, अहवाल, अर्जांच्या पोचपावत्या, तारखांच्या क्रमानं.

फाइलबरोबर सोबत चालणारं माणूसही लागतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं हेच केलं. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी घरोघरी बोलून आजारी माणसं ओळखली, त्यांना समुपदेशकाकडं आणि गरज असेल तर डॉक्टरकडं पोचवलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी अवघे ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. याचेही निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सोयाबीन-कापसाचीच ही गावं होती आणि माणसंही आपल्यासारखीच.

रिठदमध्ये यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीनं दर वर्षी जुलैमध्ये मागं राहिलेल्या मुलांची यादी करून गट साधन केंद्राकडं लेखी पाठवावी. गावातल्या दोन-तीन जाणत्या बायका-पुरुषांनी आशाताईंसोबत रुग्णाला पहिल्या आणि दुसऱ्या भेटीला नेण्याची जबाबदारी घ्यावी. १४४१६ हा क्रमांक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर ठळक लिहावा. आणि तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाचं नाव हे वाचताना मनात आलं असेल, तर या आठवड्यातच आशाताईंशी किंवा गुरुजींशी बोला. लवकर मिळालेल्या मदतीनं मूल शिकतं आणि माणूस बरा होतो.